रोज पळणाऱ्या मुलीला नैराश्य कसं येईल?

"मॅडम, व्यायामानं मन ताजंतवानं राहतं असं तुम्हीच सांगता ना? आमची पोर आठवीपासून रोज पळतीय. मग तिला डिप्रेशन कसं येईल? कंटाळा केलाय तिनं नुसता. जरा खडसावा तिला."

विद्यापीठाच्या समुपदेशन कक्षात फोनवर आलेला हा एका वडिलांचा प्रश्न. शब्द बदलतात, पण हाच प्रश्न कबड्डीपटूचा मोठा भाऊ विचारतो, कुस्तीगिराचे वस्ताद विचारतात, खो-खो खेळणाऱ्या मुलीची आईही विचारते. म्हणून त्याचं उत्तर इथे एका मुलीच्या अनुभवातून देत आहोत. ओळख पटू नये यासाठी गावाचे आणि घरचे तपशील बदलले आहेत, दोन-तीन मुलींचे अनुभव एकत्र केले आहेत.

मुलगी दुसऱ्या वर्षाला, हॉस्टेलवर राहणारी, ८०० मीटर पळणारी. सर्वोत्तम वेळ २ मिनिटं १४ सेकंद. घरी थोडी कोरडवाहू जमीन आणि दुधाच्या म्हशी. आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी निवड झाली तेव्हा गावच्या एसटी स्टँडसमोर तिचा फोटो असलेला फ्लेक्स लागला. घरच्यांचा हिशोब साधा होता. पोलीस भरतीत मुलींना ८०० मीटर पळावंच लागतं, शिवाय सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, म्हणजे पोरीचं आयुष्य मार्गी लागलं. यात त्यांचं काही चुकलं असं नाही. फक्त त्या दिवसापासून तिचं पळणं हे एकटीचं राहिलं नाही.

ऑक्टोबरमध्ये उजव्या नडगीत दुखू लागलं. आधी पळताना, मग चालताना, मग रात्री झोपेतही. तपासणीत हाडाला बारीक चीर निघाली. आठ आठवडे पळणं बंद, स्पर्धा हुकली. जानेवारीत परतली तेव्हा वेळ २ मिनिटं २४ सेकंद. दहा सेकंद भरून काढायला तिनं संध्याकाळचा जादा सराव सुरू केला. फेब्रुवारीअखेर वेळ आणखी घसरली आणि मार्चमध्ये तिनं मैदानावर जाणंच सोडलं. मेसमध्ये येईना, तासांना बसेना, फोन उचलेना. खोलीतल्या मैत्रिणीनं हाताला धरून आणली.

येताना तिनं सरावाची वही आणली होती. सांगण्यासारखं बरंच काही त्या वहीतच होतं. प्रत्येक पानावर चार रकाने: तारीख, काय केलं, वेळ, कसं वाटलं. सप्टेंबरपर्यंत शेवटच्या रकान्यात भरपूर मजकूर आहे. "शेवटचे २०० मस्त." "पोटात कळ आली, सर ओरडले." "पाऊस! मजा." जानेवारीपासून तो रकाना रिकामा, नुसती वेळ लिहिलेली. फेब्रुवारीत वेळेखाली पेनानं इतकी जोरात रेघ ओढलेली की मागचं पान फाटलंय. मार्चमध्ये तारखासुद्धा नाहीत.

खेळाडूचं नैराश्य ओळखायला उशीर होतो तो इथेच. बाकीच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत लोक म्हणतात, "हा हल्ली गप्प गप्प असतो." खेळाडूच्या बाबतीत म्हणतात, "फॉर्म गेलाय." आणि फॉर्म गेल्यावरचा मैदानावरचा उपाय एकच असतो: अजून जोर लावा. थकलेल्या शरीराला आणि खचलेल्या मनाला हाच उपाय सगळ्यात घातक ठरतो.

पहिल्या भेटीत तिला नैराश्य किती आहे हे मोजणारी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली दिली. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. मराठीत उपलब्ध आहे, पाच मिनिटांत भरून होते. ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून मध्यम ते तीव्र, २० पासून तीव्र. तिचे गुण १६ आले. निदान मात्र नुसत्या गुणांवर होत नाही. सलग दोन आठवडे, दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास राहणं किंवा कशातच रस न वाटणं यापैकी एक तरी हवंच. त्याच्या जोडीला झोप, भूक, थकवा, एकाग्रता, अपराधीपणा अशी बाकीची लक्षणं धरून एकूण पाच तरी हवीत, आणि त्यामुळे रोजचं जगणं अडायला हवं. तिच्यात सात होती. पहाटे तीनला जाग यायची, गजर पावणेपाचचा. मधले पावणेदोन तास ती छताकडे बघत "आज पण जमणार नाही" हे घोकत पडायची.

नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा असतो. तिनं "काही दिवस" यावर खूण केली होती. तिथे थांबून सरळ विचारावंच लागतं: जगणं नकोसं वाटतं का? मरून जावं असं मनात येतं का? कसं, कधी असं काही ठरवलंय का? विचारल्यानं डोक्यात नसलेलं भरवलं जातं ही भीती खोटी आहे. विचारल्यावर बहुतेक मुलं सुटकेचा श्वास टाकतात. तिनं काही ठरवलं नव्हतं, पण "सकाळी उठूच नये" असं वाटायचं. मग तिच्याच अक्षरात एका कागदावर सुरक्षेची योजना लिहिली. विचार वाढू लागल्याची तिची खूण कोणती (जेवण टाळणं, दार आतून लावून घेणं), त्या वेळी एकटीनं काय करायचं, कुणाला फोन करायचा (मैत्रीण, मावशी, हॉस्टेलच्या मॅडम या क्रमानं), आणि रात्री-अपरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. दुखण्यावरच्या उरलेल्या गोळ्या खोलीत होत्या, त्या मैत्रिणीनं हॉस्टेलच्या मॅडमकडे दिल्या. आत्महत्येची ठरवलेली योजना आणि त्याचं साधन दोन्ही असती तर तिला त्या दिवशी एकटं सोडलं नसतं. घरच्यांना बोलावून थेट मानसोपचारतज्ज्ञाकडे नेलं असतं.

आता वडिलांच्या प्रश्नाकडे. व्यायामानं मन सुधारतं हे खरंच आहे. पण त्यामागे तीन गोष्टी गृहीत असतात: पुरेसं अन्न, पुरेशी झोप, आणि नको वाटलं तर थांबण्याची मुभा. स्पर्धेसाठी पळणाऱ्या मुलीकडे यातलं काय होतं?

अन्नाचा हिशोब मांडून पाहिला. वजन ४८ किलो, त्यातली चरबी १८ टक्के, म्हणजे चरबी वगळून साधारण ३९ किलो. दोन वेळच्या सरावाच्या दिवशी पळण्यात ६०० कॅलरी जायच्या. पायाला विश्रांती होती तेव्हा वजन वाढेल या धास्तीनं तिनं भात सोडला आणि चार पोळ्यांच्या दोन केल्या, आणि ती सवय नंतरही राहिली. मेसचा नाश्ता साडेआठला संपायचा, ती सराव करून सव्वानऊला यायची, म्हणजे नाश्ता नाहीच. दिवसभराचं खाणं जेमतेम १६०० कॅलरी. त्यातून ६०० वजा केल्या की उरल्या १०००, म्हणजे चरबी वगळलेल्या वजनाच्या किलोमागे सुमारे २६. हा आकडा किलोमागे ४५ च्या आसपास असावा. ३० च्या खाली दीर्घकाळ राहिला तर शरीर काटकसर सुरू करतं. सगळ्यांचं गणित नेमकं या रेषेवर बदलत नाही, पण दिशा तीच. आधी पाळी लांबते आणि मग थांबते, हाडं ठिसूळ होतात, झोप बिघडते, मन खचतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ मध्ये या अवस्थेला खेळातली सापेक्ष ऊर्जा-कमतरता असं नाव दिलं. तिची पाळी पाच महिने आली नव्हती. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण "जास्त पळणाऱ्या मुलींची जातेच" असं मैदानावर कुणीतरी म्हणालं होतं. सरावामुळे पाळी थांबणं ही नेहमीची बाब नाही, ती धोक्याची सूचना आहे. मुलींच्या प्रशिक्षकांनी एवढं जरी पक्कं धरलं तरी कितीतरी नडग्या आणि कितीतरी मनं वाचतील.

रक्ततपासणीत हिमोग्लोबिन ९.६ आलं (मुलींमध्ये १२ हवं), शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिनही फार कमी, ७. थायरॉइड ठीक होतं, बी-१२ कमी. खेळाडूच्या नैराश्यात या तपासण्या पहिल्याच आठवड्यात करायच्या. पांडुरोग (रक्त कमी असणं), थायरॉइड किंवा ऊर्जेची तूट यांची लक्षणं नैराश्यासारखीच दिसतात, आणि बऱ्याचदा दोन्ही एकत्र असतात. म्हणून "आधी रक्त वाढू दे, मग मनाचं बघू" असं करायचं नाही. दोन्ही उपचार एकदमच सुरू करायचे.

सरावाचा नुसता अतिरेक की नैराश्य, हा प्रश्न प्रशिक्षक हमखास विचारतात. एक ढोबळ कसोटी अशी. खरी विश्रांती आठ-पंधरा दिवस दिली की दमलेला खेळाडू खुलतो, चवीनं जेवतो, पळायला हात-पाय शिवशिवतात. नैराश्यातला खेळाडू सुट्टीतही कोमेजलेलाच असतो. भावाच्या साखरपुड्यालाही त्याला आनंद होत नाही, उलट "मला काहीच कसं वाटत नाही" याचाच अपराध वाटतो. मुलग्यांमध्ये चित्र वेगळं दिसू शकतं. ते रडण्याऐवजी भडकतात, पंचांशी भांडतात, दारूकडे वळतात. गुडघ्याच्या अस्थिबंधाची शस्त्रक्रिया झालेल्या कबड्डीपटूला मैदानावर परतायला नऊ महिने तरी लागतात. त्या काळात मन दोनदा घसरतं: पहिल्या काही आठवड्यांत, आणि परतण्याच्या तोंडावर, पुन्हा गुडघा जाईल या भीतीनं. दुसरी घसरण कुणाच्या लक्षात येत नाही, कारण तोवर सगळे "आता बराय की" म्हणत असतात. जिंकल्यावरही हे होतं. अभिनव बिंद्रा यांनी २००८ मध्ये बीजिंगला सुवर्ण जिंकलं, आणि त्यानंतर आलेल्या पोकळीबद्दल आणि नैराश्याबद्दल ते उघडपणे बोलले आहेत.

मानसोपचारतज्ज्ञांनी एसएसआरआय गटातलं औषध कमी मात्रेत सुरू केलं. तिचा पहिला प्रश्न: "मी डोपिंगमध्ये अडकेन का?" नाही. या गटातली नैराश्यावरची औषधं प्रतिबंधित यादीत नाहीत. मात्र मानसिक उपचारांतली काही दुसरी औषधं आहेत. लक्ष लागत नाही म्हणून दिली जाणारी काही उत्तेजक औषधं स्पर्धेच्या काळात प्रतिबंधित आहेत आणि त्यांना आधी वैद्यकीय सूट घ्यावी लागते. धडधड कमी करणारे बीटा-ब्लॉकर नेमबाजी आणि तिरंदाजीत चालत नाहीत. यादी दरवर्षी १ जानेवारीला बदलते, म्हणून डॉक्टरांना "मी खेळाडू आहे" हे पहिल्या वाक्यात सांगायचं आणि शंका असेल तर नाडाकडे, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेकडे विचारायचं. खरा धोका वेगळीकडेच असतो: जिममधल्या कुणी दिलेल्या, लेबलवर भरवसा न ठेवता येणाऱ्या ताकदीच्या पावडरी.

औषधानं पहिल्या आठवड्यात मळमळ झाली, नंतर थांबली. परिणाम जाणवायला दोन ते सहा आठवडे लागतात. बरीच मुलं दहाव्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून सोडतात, तिथेच घोळ होतो. पंचविशीच्या आतल्या रुग्णांमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत अस्वस्थता आणि आत्महत्येचे विचार वाढत नाहीत ना, यावर बारीक लक्ष ठेवावं लागतं. म्हणून पहिला महिना दर आठवड्याला भेट. बरं वाटू लागल्यावरही औषध साधारण सहा ते नऊ महिने चालू राहतं आणि डॉक्टरांच्या सांगण्यानं हळूहळूच कमी होतं.

खाण्याची व्यवस्था अगदी साधी लावली. सरावाआधी एक केळं आणि दोन खजूर. सराव संपल्यावर अर्ध्या तासात दूध, दोन उकडलेली अंडी, शेंगदाण्याचा लाडू. मेसच्या मावशींनी डबा काढून ठेवायचं कबूल केलं. भात परत ताटात. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर, चहाच्या आधी-नंतर तासभर नाही. लक्ष्य सरावाच्या दिवशी सुमारे २३५० कॅलरी. ते गाठायला तिला पाच आठवडे लागले, कारण प्रत्येक जादा पोळीला "जड होशील" असं मन म्हणायचं. तो संवाद समुपदेशनात वेगळा हाताळावा लागला.

सराव पूर्ण बंद केला नाही. तिचे मित्र-मैत्रिणी, दिवसाची शिस्त, सगळं मैदानावर होतं. तेही काढून घेतलं असतं तर उरलं काय असतं? खेळवैद्यांच्या सल्ल्यानं पहिले दोन आठवडे आठवड्यातून चार दिवस, वीस मिनिटं, हळू पळणं किंवा चालणं. मनगटावर घड्याळ नाही. सकाळी साडेसहाला, म्हणजे झोप आठ तासांच्या जवळ जावी. तिसऱ्या आठवड्यापासून तीस मिनिटं. पाचव्या आठवड्यात शंभर मीटरच्या सहा सैल धावा. जोराचा सराव सातव्या आठवड्यात, आठवड्यातून एकदाच, आणि सलग दोन दिवस कधीच नाही.

सरांना काय सांगायचं हे तिनं ठरवलं. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ नुसार तिच्या उपचारांची माहिती गोपनीय आहे, तिच्या संमतीशिवाय ती प्रशिक्षकालाही सांगता येत नाही. तिच्या लेखी संमतीनं सरांना एवढंच कळवलं: वैद्यकीय कारणानं सराव कमी, अमुक तारखेपर्यंत वेळ मोजायची नाही. सर कडक, पण मनाचे मोठे निघाले. "डोक्यातून काढून टाक", "याच्याहून वाईट परिस्थितीतून मुली पळाल्यात" ही त्यांची नेहमीची वाक्यं त्यांनी बाजूला ठेवली. त्याऐवजी रोज दोनच प्रश्न: "झोप झाली का? खाल्लंस का?" आणि जाताना, "उद्या साडेसहाला ये बाळा, वीस मिनिटं." वॉर्मअपला ती सगळ्यांबरोबर, मग वेगळी. बाकावर बसून दोन तास इतरांचा सराव बघायला लावलं नाही. जखमी खेळाडूला "टीमबरोबर राहा" म्हणून असं बसवतात, त्यानं मन आणखी कुढतं.

समुपदेशनाच्या खोलीतलं काम मुख्यतः एका वाक्यावर चाललं: "मी पळत नसले तर मी कोण?" तिला कागदावर गोल काढून त्याचे वाटे करायला सांगितलं, आज तू कोण आहेस ते दाखव. पूर्ण गोलात एकच शब्द: खेळाडू. कडेला बारीक अक्षरात "मुलगी". मग दर आठवड्याला एक छोटी कृती अशी ठरवायची, जिचा टायमिंगशी संबंध नाही. भूगोलाचं अर्धवट राहिलेलं जर्नल पूर्ण करणं. मैत्रिणीच्या केसांची सागरवेणी घालणं, ती तिला फार सुरेख जमते. रविवारी मावशीकडे जेवणं. मूड येईल तेव्हा करू असं नाही. आधी करायचं, मूड मागाहून येतो. केल्यावर ० ते १० मध्ये किती बरं वाटलं ते वहीत लिहायचं. पहिल्या आठवड्यात सगळीकडे १ आणि २.

सगळं सरळ गेलं नाही. पाचव्या आठवड्यापर्यंत पीएचक्यू-९ चे गुण १६ वरून ११ वर आले होते. त्याच आठवड्यात जोडीच्या मुलीची निवड जाहीर झाली. त्या रात्री ही एकटीच ट्रॅकवर गेली आणि ४०० मीटरच्या सहा धावा मारून आली. दोन दिवस अंथरुणातून उठली नाही. गुण पुन्हा १४, नडगीत ठणका. असा घसरणीचा टप्पा जवळजवळ प्रत्येक खेळाडूच्या उपचारात येतो. थोडं बरं वाटलं की शरीर लगेच जुन्या हिशोबानं वापरलं जातं. तिला रागावलो नाही. नियम एक वाढवला: ठरल्यापेक्षा जास्त पळावंसं वाटलं तर चोवीस तास थांबायचं आणि आधी मैत्रिणीला सांगायचं. नडगीचा पुन्हा फोटो काढला, हाड शाबूत होतं. सराव एक आठवडा मागे नेला.

वडिलांना तिच्या संमतीनं एकदा बोलावून घेतलं. अन्नाचा हिशोब आणि रक्ताचा कागद पुढे ठेवला तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे पोर उपाशी पळत होती." त्यांना काम एकच दिलं. रोजच्या फोनवर "टायमिंग किती आलं?" हा प्रश्न तीन महिने बंद. पहिला आठवडा त्यांना बोलायलाच सुचेना. मग एका संध्याकाळी त्यांनी दहा मिनिटं फक्त म्हैस व्यायल्याचं सांगितलं, रेडकू कसं उभं राहिलं ते. तिनं वहीत त्या फोनला ६ गुण दिले. फ्लेक्सचं काय, हे विचारायचं ठरलं होतं. पण वाऱ्यानं फाटल्यामुळे तो आधीच निघाला होता.

बाराव्या आठवड्यात पीएचक्यू-९ चे गुण ६. झोप साडेसात तास. हिमोग्लोबिन ११.४. पाळी परतायला सहावा महिना उजाडला. ८०० मीटरची वेळ पहिल्यांदा मोजली ती ऑगस्टमध्ये, २ मिनिटं २१ सेकंद. पोलीस भरतीची तयारी ती करते आहे, पण घाई न करता. औषध चालू आहे, भेट आता सहा आठवड्यांनी एकदा. वहीच्या पहिल्या पानावर तिनं स्वतःच तीन खुणा लिहून ठेवल्यात: सलग तीन रात्री पाच तासांहून कमी झोप, दोन दिवस नाश्ता चुकवणं, आणि चौथा रकाना आठवडाभर रिकामा राहणं. यातली एक जरी दिसली तरी पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करायचा. ऑक्टोबरमध्ये, बरोबर वर्षानं, तिसरी खूण दिसू लागली आणि आठवडा पुरा व्हायची वाट न बघता तिनं चौथ्या दिवशीच फोन केला.